मे महिन्यात संत्र्याचे झाड किती पाणी पिते?

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात उन्हाळ्यात एकाच भूजलावर दोघांचा डोळा असतो, माणसांचा आणि बागांचा. माणसांचा हिशेब सरकारने ठरवून दिला आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर. बागेचा हिशेब मात्र मोटर किती तास चालली यावरच ठरतो.

तो मांडणे अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात पिकातून आणि जमिनीतून हवेत उडणाऱ्या पाण्याचे संदर्भमान दिवसाला ८ मिलिमीटर धरू. अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या घेराच्या संत्रावर्गीय झाडांसाठी पीक गुणांक सुमारे ०.६५ दिला आहे. सहा बाय सहा मीटरवरच्या झाडाला मग ३६ गुणिले ८ गुणिले ०.६५, म्हणजे सुमारे १८७ लिटर लागतात. हिवाळ्यात साधारण निम्मे पुरते. मीटरभर घेराच्या रोपाला मे महिन्यातही पाच-सहा लिटर पुष्कळ. सगळ्यांना सारखेच पाणी सोडणे म्हणजे तान्ह्या बाळाला आणि बापाला एकच डोस देणे. जास्तीच्या ओलीने मुळे कुजतात, डिंक्या येतो, आणि खतातले नायट्रेट झिरपून विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे धोका सर्वाधिक असतो तो वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना.

आता एकराचे बघा. ११० मोठी झाडे म्हणजे रोज वीस हजार लिटर, पावणेचारशे माणसांचे पाणी. इथल्या काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते, त्यामुळे एका बोअरचा उपसा शेजारच्या विहिरीला लवकर जाणवतो. नळ चार दिवसांआड आला की घरात पहिली काटछाट हात धुण्यात होते. मग हगवण, खरूज येते. उघड्या पिंपांत साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. औषधांनी हे निस्तरता येते, थांबवता येत नाही.

माझ्या मते खरा निर्णय बहाराचा आहे. आंबिया बहारात मे महिन्यात झाडावर फळ पोसत असते. पाणी तोडले तर फळगळ होते, म्हणून शेतकऱ्याला दोष देता येत नाही. मृग बहारात याच दिवसांत झाडाला ताण द्यायचा असतो. गाव तहानलेले असते तेव्हा बाग थांबलेली असते. पाऊस लांबला तर हा बहार हुकतो, हा धोका खरा आहे. पण तो पेलायला विमा आणि एखादे शेततळे मदतीला येऊ शकते. सार्वजनिक पाणीस्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्याने बंधन घातले होते. ग्रामसभेत त्या अंतराबरोबर बहाराचाही विषय मार्चपूर्वीच निघायला हवा, कारण आंबियाची फुले एकदा धरली की मे महिन्यातले पाणी आधीच खर्ची पडलेले असते.