कंसातली जमात

बिट्टन मार्केटचा हाट उठल्यावर मागे उरलेली पन्नी-पुठ्ठा वेचणारी पारधी बाई अनुसूचित जमातीची आहे का? भोपाळमध्ये याचं सरकारी उत्तर आहे, ‘नाही’. जानेवारी 2003 पर्यंत ते ‘हो’ होतं. बाई तीच, गाठोडंही तेच.

मध्य प्रदेशच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारध्यांच्या नावापुढे एक कंस आहे. त्यात कुठे जिल्हे आहेत, कुठे नुसत्या तहसिली. भोपाळ, रायसेन आणि सीहोर या तीन जिल्ह्यांची नोंद संसदेने कायदा करून वगळली. बाकीचा कंस उभा राहिला. आता भोपाळहून नागपूरची बस धरा. ओबेदुल्लागंज रायसेन जिल्ह्यात, तिथला पारधी आदिवासी नाही. नर्मदा ओलांडली की होशंगाबाद (आता नर्मदापुरम) तहसील, तिथला आहे. बैतूलचा आहे. मुलताईचा नाही, कारण बैतूल जिल्ह्यातल्या निवडक तहसिलीच कंसात आहेत आणि मुलताईला त्यांत जागा नाही. पांढुर्ण्याचा पुन्हा आहे, कारण यादीत छिंदवाडा जिल्हा आहे आणि पांढुर्णा 2023 पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं. सावनेरला महाराष्ट्र लागला की पारधी सरसकट अनुसूचित जमात. आणि भोपाळहून उलट्या दिशेने विदिशा गाठलं, तर तिथे तोच पारधी अनुसूचित जातीत.

अर्थात बसच्या तिकिटावर दाखला मिळत नाही, तो कायमच्या वास्तव्यावर मिळतो. म्हणजे एका आजोबाची तीन नातवंडं तीन गावांची असली, तर एक आदिवासी, एक अनुसूचित जातीचं आणि तिसरं यांतलं काहीच नाही.

यात मानववंशशास्त्र शोधू नये. अनुसूचित जातीच्या कंसातले विदिशा, उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर हे जिल्हे जुन्या मध्य भारत राज्याचे. बैतूल, छिंदवाडा जुन्या मध्य प्रांताचे. भोपाळ, रायसेन, सीहोर नवाबाच्या संस्थानातले. 1956 साली राज्यं एकत्र आली, याद्या मात्र एकीखाली एक टाचल्या गेल्या. जी राज्यं नकाशावरून गेली, त्यांच्या सीमा आज माणसाची जमात ठरवतात.

कोण कोणत्या जमातीचा, हा प्रश्न दुसरीकडेही पडला. मलेशियाच्या सबाह राज्यात कदाझान आणि दुसुन हे आदिवासी समाज एक की दोन, यावर बरीच वर्षं वाद झाला. 1989 मध्ये त्यांच्याच सांस्कृतिक संघटनेने परिषदेत ‘कदाझानदुसुन’ हे जोडनाव घेतलं. ते सगळ्यांना रुचलं असं नाही. पण वाद त्यांचा होता, तोडगाही त्यांचाच होता. आपल्याकडे पारधी कोण, हे ठरवायला जिल्हा लागतो, तहसील लागते, अधिसूचना लागते. पारधी तेवढा लागत नाही.

एका ठिकाणी मात्र कंसाची अडचण येत नाही. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये कागदावरून गेला. चोरी झाल्यावर पारध्यांच्या पालावर जाणारा हवालदार आजही तहसील विचारून जात नाही. सप्टेंबर 2007 मध्ये मुलताई तहसिलीतल्या चौथिया गावात जमावाने पारध्यांची वस्ती पेटवली, घरं पाडली. कंसाच्या हिशेबाने त्या गावात अनुसूचित जमातीचा एकही पारधी राहत नव्हता.