फोटो परवा हवाय? घाबरू नका

लग्नाच्या फोटोंची तयारी महिनाभर आधी सुरू होते. मुलांच्या वाढदिवसाचीही आठवडाभर जुळवाजुळव चालते. पण स्वतःच्या व्यवसायासाठी स्वतःचा फोटो द्यायची वेळ येते, तेव्हा हातात जेमतेम दोन दिवस असतात. प्रदर्शनाची पुस्तिका छापायला जायची असते किंवा एखाद्या मोठ्या कंपनीने माहितीपत्रक मागितलेले असते. मग कुणाच्या तरी बारशातला फोटो कापून पाठवला जातो. खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात दिसत असतो आणि तोच फोटो पुढे पाच वर्षे सगळीकडे फिरत राहतो!

बंगळूरच्या तुमकूर रस्त्यावरचे पीण्या औद्योगिक क्षेत्र घ्या. १९७० च्या दशकात आकाराला आलेल्या या वसाहतीत हजारो लहान कारखाने आहेत. कुठे लेथवर सुटे भाग तयार होतात, कुठे इलेक्ट्रोप्लेटिंग चालते, तर कुठे तयार कपडे शिवले जातात. याच रस्त्यावर पुढे बंगळूर आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्र आहे. मशिन टूल उद्योगाचे 'इम्टेक्स' प्रदर्शन तिथे भरते. प्रदर्शन आले की पुस्तिका आली आणि पुस्तिका आली की फोटो आला.

समजा, इथे दहा-बारा कामगारांचे वर्कशॉप चालवणाऱ्या एका मराठी उद्योजिकेला बुधवारी दुपारी निरोप आला, "मॅडम, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुमचा फोटो पाठवा." तिच्या तोंडून पहिले वाक्य बहुधा हेच निघेल, "माझा कशाला? यांचाच द्या ना!"

मालकीण दिसलीच पाहिजे

हा संकोच महागात पडू शकतो. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ठरावीक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे धोरण २०१२ पासून आहे. २०१८ मध्ये हा वाटा २५ टक्के झाला आणि त्यातले ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी राखले गेले. पण कागदावर बायकोचे नाव आणि कारभार नवऱ्याचा, अशी शंका अनेकांच्या मनात असते. नुसत्या फोटोने ऑर्डर मिळत नाही, हे खरे. तरीही दराची बोलणी जी करते, मालाच्या दर्जाची हमी जी देते, तिचाच चेहरा पुस्तिकेत नसेल तर ती शंका पक्की होते.

आपल्या कामाची ओळख आपणच करून द्यावी, ही गोष्ट मराठी उद्योगाला नवी नाही. किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, ती कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठीच. पुढे तेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. आज या ओळख करून देण्याला 'पर्सनल ब्रँड' म्हणतात, एवढेच.

आधी कागद, मग कॅमेरा

पहिली संध्याकाळ साडी निवडण्यात घालवू नका. फोटो कुठे छापला जाणार, उभा हवा की आडवा, त्यावर अक्षरे येणार आहेत का, हे फोन करून विचारा. ए-४ आकाराचे पूर्ण पान चांगले छापायचे असेल तर फोटो साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा लागतो. कोपऱ्यातल्या लहान चौकटीला त्याहून कितीतरी कमी पुरतो.

वेळ थोडा असताना तीनच फोटो ठरवा. एक फक्त चेहऱ्याचा, एक कामाच्या जागी कमरेपर्यंतचा आणि एक कामगारांसोबतचा. या तिघांत पुस्तिका, वर्तमानपत्र आणि ओळखपत्र अशा बहुतेक गरजा भागतात. वीस प्रकारच्या फोटोंचा हट्ट धरला तर एकही धड निघत नाही.

वर्कशॉपचे शटर हाच स्टुडिओ

ऐनवेळी स्टुडिओ मिळाला नाही तरी बिघडत नाही. शटर पूर्ण वर करा, दोन-तीन पावले आत उभ्या राहा आणि चेहरा बाहेरच्या उजेडाकडे करा. ऊन अंगावर न येता मऊ प्रकाश चेहऱ्यावर पडतो. मागचे वर्कशॉप आपोआप थोडे काळोखे होते आणि चेहरा उठून दिसतो. जवळच्या ट्यूबलाइट मात्र बंद करा. दोन प्रकारचे उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा हिरवट किंवा पिवळट येतो.

सकाळी नऊ-दहाची वेळ चांगली. बंगळूरमध्ये दुपारी सूर्य बराच डोक्यावर असतो. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्याला तर तो जवळजवळ थेट माथ्यावर येतो. अशा वेळी उघड्यावर फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि हसरी बाईही आजारी दिसते. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा पाऊस केव्हा गाठेल, याचा नेम नसतो.

पदर आणि बांगड्या सांभाळा

नेहमी वापरातले, एकरंगी किंवा मोठ्या नक्षीचे कपडे घाला. अगदी बारीक, दाट रेघांचे कापड फोटोत लहरी उमटल्यासारखे दिसते. कोरी करकरीत साडी नेसली की लक्ष कॅमेऱ्यापेक्षा निऱ्यांकडेच राहते.

मशिनजवळ फोटो काढताना मशिन बंदच ठेवा. लेथच्या फिरत्या भागात पदर, ओढणी, मोकळे केस किंवा सैल बाही अडकली तर जिवावर बेतू शकते. केस बांधा, बांगड्या काढा. जिथे रोज गॉगल आणि सेफ्टी शूज लागतात तिथे ते फोटोतही असू द्या. ग्राइंडरजवळ गॉगलशिवाय उभी असलेली मालकीण पाहून जाणकार ग्राहकाच्या मनात नको तो प्रश्न येतो. छायाचित्रकाराच्या दिव्यांच्या वायरी आणि जमिनीवरचे तेल यांकडेही लक्ष ठेवा.

मागे काय दिसते आहे?

पीण्याजवळच्या जालहळ्ळीत १९५० च्या दशकात एचएमटी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स हे मोठे सरकारी कारखाने उभे राहिले. अशा मोठ्या कारखान्यांसाठी सुटे भाग करून देणे हा लहान वर्कशॉपचा जुना धंदा आहे. म्हणूनच टेबलावरचे ड्रॉइंग आणि रॅकवरचे भाग बहुतेकदा दुसऱ्याच्या मालकीचे असतात. संरक्षण खात्याच्या कामाबाबत तर जास्तच दक्षता हवी. ग्राहकाची लेखी परवानगी नसेल तर अशा वस्तू फोटोआधी हलवा. एका निष्काळजी फोटोमुळे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक तुटू शकते.

बाकीची नजरही टाका. खुंटीवरचे डबे, दारातल्या चपला, मळके कॉटन वेस्ट आवरा. आग विझवण्याच्या नळकांड्यावरची उलटून गेलेली तारीख फोटोत अगदी स्पष्ट वाचता येते! कामगारांचा फोटो घेण्यापूर्वी त्यांना विचारा. कुणाला यायचे नसेल तर आग्रह करू नका.

छायाचित्रकाराशी बोलताना

घाईत फक्त 'या आणि फोटो काढा' असे सांगू नका. किती वेळ लागेल, किती फोटो सुधारून मिळतील, कधी मिळतील आणि पैसे किती, हे लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणाराच असतो. म्हणून छायाचित्रकाराने पुढे केलेला कागद सही करण्यापूर्वी वाचा. येण्याचा मार्गही सांगा. पीण्या इंडस्ट्री हे मेट्रो स्थानक २०१४ पासून सुरू आहे. लॉऱ्यांच्या गर्दीत अडकण्यापेक्षा तिथून रिक्षा करणे सोयीचे पडते.

छायाचित्रकार मिळालाच नाही तर चांगला मोबाइलही चालतो. मागचा कॅमेरा वापरा, काच पुसा, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांगा आणि काढणाऱ्याला पाच-सहा फूट दूर उभे करा. फार जवळून काढले की नाक फुगलेले दिसते. पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर वाटेतच त्याचा बारीकपणा हरवतो.

हात कामात, चेहरा मोकळा

पहिल्या दहा मिनिटांचे फोटो बहुधा अवघडलेलेच येतात. त्यांची काळजी करू नका. हातात व्हर्नियर घ्या, खरोखरच एखादा भाग मोजा, फोरमनशी उद्याच्या कामाचे बोला. काम सुरू झाले की चेहरा आपोआप सैल होतो. मात्र जे मशिन तुम्हाला चालवता येत नाही त्यावर हात ठेवून उभ्या राहू नका. जाणकाराला ते लगेच कळते. या तासाभरात डिलिव्हरीचे फोन घरातल्या कुणीतरी किंवा फोरमनने घ्यावेत.

फोटो निवडताना घरच्यांचे मत जरूर घ्या, पण अखेरचा कौल एखाद्या जुन्या ग्राहकाचा किंवा पुरवठादाराचा असू द्या. घरचे सर्वांत सुंदर फोटो निवडतात, व्यवसायातला माणूस भरवशाचा निवडतो. रंग उजळवणे, सुरकुत्या पुसणे, दहा वर्षे कमी करणे यांच्या मोहात पडू नका. पुस्तिका पाहून येणाऱ्या माणसाला तुम्ही प्रत्यक्ष भेटणारच आहात.

हे एकदा जमले की दरवर्षी एक सकाळ याच कामासाठी राखून ठेवा. ते तीन फोटो साल घालून जपा, म्हणजे पुढच्या वेळी धावपळ होणार नाही. फोटो चांगला आला की नाही, याची कसोटी सोपी आहे. अनोळखी ग्राहकाने पुस्तिका हातात धरून स्टॉलवर यावे आणि चारजणांतून थेट तुमच्याकडे वळून कामाचे बोलायला सुरुवात करावी.