चौल बंदर आणि आपण परभणीकर

शाळेत आम्ही तारीख आणि जुगराफिया उर्दूतून शिकलो. त्या वेळी इतिहास आणि भूगोल हे दोन निराळे विषय वाटत. कापडाच्या धंद्यात पडल्यावर कळले की व्यापाऱ्यासाठी दोन्ही एकच आहेत. "आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, निर्यात हे आपले काम नाही," असे परभणीच्या बाजारात नेहमी ऐकू येते. आम्हाला हे मान्य नाही.

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदीच्या मुखाशी चौल आहे. या तीरावर रेवदंडा, समोर समुद्रात शिरलेला कोर्लईचा डोंगर आणि आत जहाजांना आसरा देणारी खाडी. अरब लोक या बंदराला सैमूर म्हणत. हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास, अल-मसऊदी येथे आला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे 10 हजार मुसलमान येथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. राज्य राष्ट्रकूटांचे होते आणि व्यापार सर्वांचा होता.

आता आपला संबंध पाहा. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ गाव आपल्या जिल्ह्यातील पाथरी, आणि त्या राज्याचे मोठे बंदर चौल. 1518 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पाथरी इमादशाहीकडून प्रथम जिंकून घेतली. म्हणजे एके काळी पाथरी आणि चौल एकाच राज्यात होते. त्याआधी, पंधराव्या शतकात, निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला पोचला. घाट तेव्हाही होतेच, पण त्यांनी व्यापार अडवला नाही.

मग चौल मागे का पडले? 1521 मध्ये पोर्तुगीजांना तेथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. समुद्रात जहाज न्यायचे तर त्यांचा परवाना लागू लागला. सतराव्या शतकात चौलचे विणकर मुंबईला गेले आणि पुढे व्यापारही गेला. माल आपला, पण कागद दुसऱ्याच्या हातात, असे झाले की बंदरसुद्धा ओस पडते.

आमचेच उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दलालाने आमच्याकडून गोधड्या आणि सुती चादरी नेल्या. तो माल दुबईला गेल्याचे आम्हाला फार उशिरा समजले. आमच्या आणि शिवणाऱ्या बायांच्या पदरात पडला तो फक्त घाऊक भाव.

त्याच रायगड जिल्ह्यात 1989 पासून न्हावा-शेवा बंदर चालू आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, आणि तो शेजारच्या जालना जिल्ह्यातून जातो. रस्ता आहे, बंदर आहे. अडते ते आपल्या नावाच्या कागदापाशी. आयात-निर्यात कोड काढणे आज अवघड राहिलेले नाही. एकट्याला झेपत नसेल तर चार-पाच दुकानदारांनी मिळून फर्म करावी, कारागिरांना हिस्सेदार करावे आणि घरातला एखादा शिकलेला मुलगा बंदराचे काम पाहण्यास पाठवावा.

पहिली खेप लहान असली तरी चालेल, पण बिलावर नाव आपले असावे.