विश्लेषण : तेलाचा तुटवडा नव्हता, तरीही १९५३ मध्ये इराणचं सरकार का पाडलं गेलं?

जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्डो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर हल्ले केले आणि सोशल मीडियावर नेहमीचं वाक्य फिरू लागलं : "सगळा खेळ तेलाचा आहे." हे वाक्य चूक नाही, पण अर्धवट आहे. तेल नेमकं कुणाला हवं असतं? देशाला, कंपनीला, की सत्तेजवळच्या मोजक्या लोकांना? याचं उत्तर इराणच्याच सत्तर वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणात सापडतं.

कंपनी कुणाची होती?

१९०१ मध्ये इराणच्या शहाने विल्यम नॉक्स डार्सी या ब्रिटिश उद्योजकाला ६० वर्षांसाठी तेल काढण्याचा हक्क दिला. बदल्यात इराणला निव्वळ नफ्याचे १६ टक्के मिळणार होते. १९०८ मध्ये तेल लागलं आणि पुढच्या वर्षी बर्मा ऑइल कंपनीच्या पैशातून अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली. हीच पुढे अँग्लो-इराणियन झाली आणि आज तिला आपण 'बीपी' म्हणून ओळखतो.

१९१४ मध्ये ब्रिटिश नौदल कोळशाकडून तेलाकडे वळत होतं. नौदल खातं विन्स्टन चर्चिल यांच्याकडे होतं. सरकारने कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर विकत घेतले. म्हणजे कंपनीचा मालक, तिच्याकडून कर घेणारा, तिचा मोठा ग्राहक आणि तिच्या रक्षणासाठी युद्धनौका पाठवणारा एकच होता : ब्रिटिश सरकार. कंपनीचं हित आणि 'राष्ट्रहित' यांतली रेघच पुसली गेली.

इराणला काय मिळत होतं?

१९४० च्या दशकाच्या अखेरीस इराणला मिळणाऱ्या रॉयल्टीपेक्षा ब्रिटनला या कंपनीकडून मिळणारा कर जास्त होता. कंपनीचे हिशेब तपासायचा अधिकारही इराणला नव्हता. डिसेंबर १९५० मध्ये शेजारच्या सौदी अरेबियाने अमेरिकी कंपन्यांशी नफ्याच्या निम्म्या वाटणीचा करार केला. इराणमधला असंतोष आणखी वाढला. मार्च १९५१ मध्ये तिथल्या संसदेने तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण मंजूर केलं. महिनाभरात मोहम्मद मोसद्देग पंतप्रधान झाले.

मग तुटवडा पडला का?

इथेच खरी गोम आहे. ब्रिटनने इराणच्या तेलावर बहिष्कार घातला आणि अबादानची रिफायनरी, त्या काळातली जगातली सर्वांत मोठी, जवळपास ठप्प झाली. पण कुवेत, सौदी अरेबिया आणि इराकमधलं उत्पादन वाढवण्यात आलं आणि बाजाराला इराणची उणीव फार काळ भासली नाही.

भीती वेगळीच होती. इराणचं राष्ट्रीयीकरण पचलं असतं, तर उद्या इतर देशही तेच करतील. प्रश्न तेलाच्या पिंपांचा कमी आणि नियम कोण ठरवणार याचा जास्त होता.

सरकार पाडलं कुणी?

अध्यक्ष ट्रुमन यांच्या काळात अमेरिका तडजोडीच्या बाजूने होती. १९५३ मध्ये आयझेनहॉवर आले आणि चित्र बदललं. परराष्ट्र खातं जॉन फॉस्टर डलेस यांच्याकडे आणि सीआयए त्यांचे भाऊ अ‍ॅलन डलेस यांच्याकडे होती. दोघेही वॉल स्ट्रीटच्या बड्या कंपन्यांची कामं पाहणाऱ्या सुलिव्हन अँड क्रॉमवेल या वकिली फर्ममधून आलेले. इराण कम्युनिस्टांच्या हाती जाईल, ही शीतयुद्धातली भीतीही खरी होती. त्यामुळे 'फक्त तेल' म्हणणं इथेही पुरेसं नाही.

बाहेरच्यांना आतली साथही मिळाली. शहाचा दरबार, लष्करी अधिकारी, जमीनदार आणि काही धर्मगुरू मोसद्देग यांच्या विरोधात होते. सार्वमत घेऊन संसद बरखास्त करण्याच्या निर्णयाने मोसद्देग यांचे जुने सहकारीही दुरावले. १९ ऑगस्ट १९५३ रोजी त्यांचं सरकार पडलं. या कटातली आपली भूमिका सीआयएच्या २०१३ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांत स्पष्टपणे मान्य केलेली आहे.

फायदा कुणाला झाला?

१९५४ मध्ये इराणचं तेल एका आंतरराष्ट्रीय गटाकडे गेलं. त्यात जुन्या ब्रिटिश कंपनीला ४० टक्के, अमेरिकी कंपन्यांना मिळून ४० टक्के, शेलला १४ आणि फ्रेंच कंपनीला ६ टक्के वाटा मिळाला. नफ्याचा निम्मा हिस्सा मात्र इराणला द्यावाच लागला. शहाची गादी पक्की झाली. सामान्य इराणी माणसाच्या वाट्याला दडपशाही आली आणि तो राग १९७९ च्या क्रांतीत बाहेर पडला.

मुंबईशी काय संबंध?

अबादानचा वाद पेटलेला असतानाच, १९५१ मध्ये, बर्मा-शेलने मुंबईत रिफायनरी उभारण्याचा करार भारत सरकारशी केला. २५ वर्षं राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमी तेव्हा परदेशी तेल कंपन्यांनी मिळवली होती. दूध इराणमध्ये सांडलं, कंपन्या ताक मुंबईत फुंकून प्यायल्या! १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारकडे आली. माहुलची ती रिफायनरी आज भारत पेट्रोलियमची आहे.

पुढची बातमी वाचताना काय पाहायचं?

होर्मुझची सामुद्रधुनी असो वा कुठल्या देशावरचे तेलनिर्बंध, 'अमेरिकेला तेल हवंय' एवढ्यावर थांबू नये. तीन प्रश्न विचारावेत. तेल खरंच कमी आहे, की त्याच्यावरचा ताबा सुटतोय? 'देशाचं हित' म्हणताना नेमका कुणाचा ताळेबंद सुधारणार आहे? आणि त्या देशातला कोणता गट बाहेरच्यांना दार उघडून देतोय?

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो. त्यामुळे हे निर्णय कुठल्याही बंद खोलीत झाले, तरी त्यांची किंमत पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या माणसालाही मोजावी लागते.