चालकाविना गाडी आणि आमचीं पोरें

शेतकरी व कारागीर बंधूंनो, चालकावांचून आगगाडी धांवते ही आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. जपानांत कोबे येथें ती १९८१ सालीं सुरू झाली. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजीं. वेग, थांबणें, दारें उघडणें हें सर्व संगणक व बिनतारी संदेश यांच्या योगानें होतें. पण हे मार्ग बंदिस्त असतात. आपल्या मुलखांतील रुळांवर फाटकें आहेत, गुरें आहेत. म्हणून तेथला चालक उद्यांच घरीं बसेल असें कोणी भय घातल्यास तें खरें मानूं नका.

परंतु निर्धास्तहि राहूं नका. पॅरिस शहराचा १९०० सालचा पहिला मेट्रोमार्ग २०१२ अखेर पुरता चालकाविना झाला. चालकांना हांकलून दिलें नाहीं, दुसऱ्या मार्गांवर व दुसऱ्या कामांवर घेतलें. हें चांगलेंच झालें. पण त्या मार्गावर चालकाची जागा पुन्हां भरावी लागत नाहीं. मग नुकसान कोणाचें? जो अजून नोकरींत शिरलाच नाहीं त्याचें. त्याचा ना संघ, ना त्याची दाद. हातमागाचें असेंच झालें. साळी-कोष्ट्याला कोणीं बडतर्फ केलें नव्हतें. बापाचा माग पोराला मिळाला, पण त्यावरचें काम गिरणीनें नेलें.

माझ्या शाळेंतील पोरांना मोठेपणीं कोण होणार म्हणून विचारलें, तर दोघे-तिघे तरी इंजिन चालवूं म्हणतात. एकर-दोन एकरांच्या घराला रेल्वेचा पगार म्हणजे सावकाराच्या दारीं न जाण्याची सोय.

यंत्राला शिव्या देऊन उपयोग नाहीं. लंडनच्या डॉकलँड्स भागांतील गाडी १९८७ पासून आपोआप चालते, तरी प्रत्येक गाडींत एक नोकर असतो. तो दारें बंद करतो, तिकिटें पाहतो, वेळ पडल्यास गाडीहि हांकतो. म्हणजे माणूस ठेवावा कीं नाहीं हें यंत्र ठरवीत नाहीं, मालक ठरवितो. आपल्याकडे रेल्वेचा मालक सरकार, आणि सरकारला कर भरणारे आपण.

तेव्हां मागणें असें करावें: किती जागा कमी होणार व किती नव्या निघणार, हें आगाऊ जाहीर करा, नियंत्रणकक्ष, सिग्नल व दुरुस्ती यांचें शिक्षण मराठींत, तालुक्याच्या ठिकाणीं द्या. आणि घरीं एवढें करा: मुलगा असो वा मुलगी, गणित-विज्ञानांत मागें पडूं देऊं नका. सुगीच्या दिवसांतहि शाळा बुडवूं नका.