टॉवर एक, सिम कुणाचेही

अकोले तालुक्यात कळसूबाई-रतनगडाच्या डोंगररांगा मोबाइलच्या लहरी अडवतात. एखाद्या वळणावर फोन ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दाखवतो. याचा अर्थ बहुधा असा, की टॉवर आहे, पण दुसऱ्या कंपनीचा. ११२ लावला तर तोच टॉवर कॉल घेतो. मग रोजच्या कॉललाच आडकाठी का?

केंद्राने १७ जानेवारी २०२५ रोजी वाट मोकळी केली. डिजिटल भारत निधी या सरकारी निधीतून उभारलेल्या सुमारे २७ हजार फोर-जी टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांपैकी कुणाचेही सिम चालावे, अशी ही योजना आहे.

दुर्गम भागात खासगी टॉवरांनाही हे बंधनकारक करायला हवे. लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले आहे. कंपन्यांनी हिशेब आपसात मिटवावा आणि एकाच जागी दुसरा टॉवर न उभारल्याने वाचलेला पैसा पुढच्या खोऱ्यातल्या टॉवरसाठी वापरावा.