विजेची मोठी मोटार : सुरक्षित कोणास ?

मधल्या सुटींत विद्यार्थ्यांचे जे वादविवाद रंगतात, त्यांत क्रिकेटच्या खालोखाल हल्लीं मोटारींचा विषय असतो. नववीच्या एका विद्यार्थ्यानें मला मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "सर, ती विजेची मर्सिडीज एकदां भरली कीं नागपूरहून मुंबईस जाऊन वर दीडशें किलोमीटर फिरते, आणि आंत बसलेल्याला कांहीं होत नाहीं." या दोन विधानांचा येथें थोडा विचार करावयाचें योजिलें आहे, कारण मुलांच्या तोंडीं असलीं विधानें बहुधा आपण वडील माणसेंच घालीत असतों.

ती मोटार म्हणजे मर्सिडीज-बेंझ कंपनीची ईक्यूएस ५८०. पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यांत जोडलेली ही गाडी ३० सप्टेंबर २०२२ रोजीं बाजारांत आली. आपल्या देशांत जोडलेली विजेवरची ही पहिली उंची मोटार. तेव्हांची किंमत १ कोटि ५५ लाख रुपये. त्या समारंभास आपल्या नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी उपस्थित होते, आणि ही गाडी आपल्यालाही परवडणारी नाहीं असें त्यांनीं तेथेंच बोलून दाखविलें. मंत्र्यांना जी झेपत नाहीं तिची उठाठेव शाळामास्तरानें कां करावी, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या रस्त्यानें ती धांवते त्याच रस्त्यानें मास्तर आणि त्याचे विद्यार्थी सायकलीवरून जातात, एवढें कारण मला पुरेसें वाटतें.

प्रथम पल्ल्याविषयीं. हिच्या बॅटरींत १०७.८ युनिट वीज मावते. महावितरणच्या दरपत्रकांतील पहिली पायरी महिना १०० युनिटांची आहे. म्हणजे साधें घर महिनाभर जेवढ्या विजेवर चालतें, तेवढी ही गाडी एका भरण्यांत पिते. आपल्या देशांतील चाचणींत हिचा पल्ला ८५७ किलोमीटर ठरला. अमेरिकेंतील सरकारी चाचणींत तोच सुमारें ५४७ भरला. दोहोंपैकीं एकही आकडा खोटा नव्हे. मोजण्याची रीत निराळी, इतकेंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकलां आहांत. संथ चाललेली गाडी आणि समृद्धि महामार्गावर ताशी १२० च्या वेगानें धांवणारी गाडी यांची भूक सारखी असूं शकत नाहीं. शिवाय आपल्या मे महिन्यांतील पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत आंतली माणसें व बॅटरी थंड ठेवण्यासही तीच वीज खर्ची पडते. ५ जून २०२५ रोजीं पूर्ण खुला झालेला हा महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. हा आकडा नेमका वरील दोन आकड्यांच्या मध्यें पडतो ! तेव्हां आमच्या विद्यार्थ्याचा प्रवासी मुंबई गांठील, किंवा शिर्डी ओलांडल्यावर थोड्याच वेळानें वीज शोधीत फिरेल.

आणि वीज सर्वांस सारखी मिळत नाहीं, हा धडा नागपूरनें फार पूर्वींच गिरविला आहे. २६ मे २०१७ रोजीं ओला कंपनीनें विजेवरच्या दोनशें गाड्यांचा उपक्रम येथें मोठ्या थाटानें सुरू केला. त्यांत टॅक्सी होत्या, रिक्षा होत्या. कांहीं महिन्यांतच चार्जिंगच्या ठिकाणीं चालक तासन् तास ताटकळूं लागले आणि कित्येकांना पुन्हां डिझेलची गाडी हवीशी झाली. ज्याच्या बंगल्याला पोर्च आहे व पोर्चमध्यें स्वतःचें चार्जर आहे, त्याला हा त्रास नाहीं. सोय गाडींत जेवढी असते तेवढीच ती घरांत व गांवांत असावी लागते.

आतां सुरक्षिततेविषयीं. बॅटरी पेटेल ही जी भीति पालक बोलून दाखवितात ती अगदींच निराधार नाहीं. तथापि १ जुलै २०२३ रोजीं सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्यास निघालेली जी खाजगी बस पेटली आणि २५ माणसें गेलीं, ती डिझेलची होती. माझें म्हणणें निराळेंच आहे. युरोपांतील चाचणींत या मोटारीस २०२१ सालीं पांच तारे मिळाले. आंतील प्रौढांच्या रक्षणासाठीं शंभरांत ९६ गुण. पादचारी व सायकलस्वार यांच्या रक्षणासाठीं ७६. छात्तरही चांगलेच, नापास कोणी म्हणणार नाहीं. पण उरलेल्या वीस गुणांचें अंतर कोणाच्या वांट्याला येतें ? गाडी अडीच टनांची, आणि चालतांना इंजिनाचा आवाज नाहीं. सदरच्या किंवा महालच्या गल्लींतून शिकवणीला निघालेलें पोर मागून येणारी गाडी कानानेंच ओळखतें. युरोपांत जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीनें मंद गतींत मुद्दाम आवाज केला पाहिजे असा नियम आहे, तो यासाठींच. आपला शेजारी कोण, या प्रश्नाचें उत्तर प्रभूनें देवळांतली नव्हे, यरीहोच्या रस्त्यावरची गोष्ट सांगून दिलें, हें मला अशा वेळीं नेहमीं आठवतें.

आणि आंत बसलेल्याला तरी खरोखर कांहीं होत नाहीं काय ? ही मोटार बाजारांत येण्याच्या सव्वीस दिवस आधीं, ४ सप्टेंबर २०२२ रोजीं, उद्योगपति सायरस मिस्त्री अहमदाबादहून मुंबईस येत असतां पालघरजवळ पुलाच्या कठड्यावर त्यांची मोटार आदळली. तीही किमती, जर्मन बनावटीची, एअरबॅग असलेली. पुढच्या आसनांवरील दोघे वांचले. मागच्या आसनांवरील दोघे गेले. मागील दोघांनीं पट्टे लावलेले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. मागें बसणाऱ्यानेंही पट्टा लावावा हा नियम आपल्या देशांत त्यापूर्वींही होताच. रोज सकाळीं शाळेच्या फाटकापाशीं मी उभा असतों. लहान-मोठ्या, जुन्या-नव्या कितीतरी गाड्यांतून मुलें उतरतात, आणि मागच्या आसनावर पट्टा लावून बसलेलें मूल मला क्वचितच दिसतें.